काशीतला अपघात आणि गावातला दावा

काशी, प्रयाग आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा करणाऱ्या मराठी माणसाला वाटेत अपघात झाला, म्हणजे वाराणसी कँट स्थानकाबाहेर ई-रिक्षा उलटली, लहरतारा भागात ट्रकने धडक दिली किंवा प्रयागराजहून रात्री येताना भाड्याची गाडी दुसऱ्या वाहनावर आदळली, तर नुकसानभरपाईसाठी पुढची काही वर्षे वाराणसीच्या कचेरीत खेपा घालाव्या लागतील, असा समज सर्रास आढळतो. कायद्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १६६ नुसार जखमी व्यक्तीला, आणि मृत्यू झाला असल्यास तिच्या वारसांना, अपघात जिथे झाला तिथल्या न्यायाधिकरणाकडे जाता येते, दावेदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या न्यायाधिकरणाकडे जाता येते, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथेही दावा लावता येतो, आणि या तिन्हींतून निवड करण्याचा अधिकार सर्वस्वी दावेदाराचा असतो. नाशिकच्या यात्रेकरूचा वाराणसीत मोडलेला पाय नाशिकच्या न्यायाधिकरणापुढे मांडला जाऊ शकतो आणि ट्रकमालक चंदौलीचा किंवा गाझीपूरचा असला, तरी त्याला तिथे उत्तर द्यावे लागते.

ही सवलत मूळ कायद्यात नव्हती, ती १९९४ च्या दुरुस्तीने आली. वाहन अपघातांच्या दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमण्याची व्यवस्था त्याआधीची, म्हणजे १९५६ मध्ये जुन्या १९३९ च्या कायद्यात घातलेली आहे, आणि तिचा हेतू जखमीला दिवाणी दाव्याच्या रेंगाळणाऱ्या प्रक्रियेतून सोडवण्याचा होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ दावेदाराच्या बाजूने आणखी सैल केला. मालती सरदार प्रकरणात (२०१६) अपघात पश्चिम बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातला होता आणि दावा कोलकात्याच्या न्यायाधिकरणापुढे लावला होता, कारण विमा कंपनीचे कार्यालय त्या शहरात होते. तो दावा न्यायालयाने ग्राह्य धरला. २०२३ मधल्या दुसऱ्या एका प्रकरणात अपघात सिलीगुडीकडचा आणि दावा उत्तर प्रदेशातल्या फतेहगढचा होता. साक्षीदार सिलीगुडीचे असल्याने भाषेची अडचण येईल, तेव्हा दावा दार्जिलिंगला हलवावा, ही वाहनमालकाची विनंती न्यायालयाने फेटाळली. फेटाळताना हिंदी ही राष्ट्रभाषा असल्याचा जो उल्लेख झाला त्यावर वाद घालता येईल आणि तो घातला गेलाही, परंतु दावा कुठे चालवायचा हे दावेदार ठरवतो, हा मूळ मुद्दा त्या निकालाने पक्का केला.

दाव्याचा विचार करण्यापूर्वी एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. एकाच अपघातातून तीन वेगवेगळ्या गोष्टी उद्भवतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिली म्हणजे फौजदारी खटला. तो चालकाविरुद्ध सरकार चालवते, त्याचा शेवट शिक्षेत किंवा निर्दोष सुटकेत होतो आणि जखमीच्या हाती त्यातून सहसा काही पडत नाही. दुसरी म्हणजे सानुग्रह मदत, जी सरकार आपल्या मर्जीने जाहीर करते. तिसरी म्हणजे नुकसानभरपाई, जी जखमीचा हक्क असते आणि जी हानीचे मोजमाप करून न्यायाधिकरण ठरवते. हा फरक वाराणसीनेच ठळकपणे पाहिलेला आहे. १५ मे २०१८ रोजी कँट स्थानकाजवळ बांधकाम चालू असलेल्या चौकाघाट–लहरतारा उड्डाणपुलाच्या तुळया खालच्या गर्दीच्या रस्त्यावर कोसळल्या, त्यांच्याखाली वाहने चिरडली गेली आणि किमान पंधरा माणसे दगावली. पूल बांधणाऱ्या राज्य सेतू निगमाचे अधिकारी निलंबित झाले, गुन्हा नोंदवला गेला, आणि राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबीयांना पाच लाख व गंभीर जखमींना दोन लाख रुपये जाहीर केले. असा आकडा मृताचे वय, मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे यांपैकी कशाचाही हिशेब न करता ठरतो. वृद्ध भिक्षेकऱ्याला आणि चार मुलांच्या बापाला तो सारखाच असतो. म्हणूनच ती मदत घेतली म्हणजे हक्काचा दावा संपला, असे मानण्याचे कारण नाही.

अपघात वाहनाच्या वापरातून उद्भवला पाहिजे, ही न्यायाधिकरणापुढे जाण्याची मूलभूत अट असली, तरी 'वापर' या शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे आणि ती महाराष्ट्रातल्याच एका भीषण घटनेवरून निश्चित झाली. १९८७ मध्ये पुणे–बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून कलंडला, सांडलेले पेट्रोल गोळा करायला आसपासचे गावकरी जमले आणि टक्कर होऊन सुमारे चार तास उलटल्यावर त्याचा स्फोट झाला. टँकर तर निपचित पडलेला होता, तो 'वापरात' कसा, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. शिवाजी दयानू पाटील प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला आणि उभ्या किंवा बंद पडलेल्या वाहनातून उद्भवलेली इजाही या कायद्याखाली येऊ शकते, असे ठरवले.

दावा घराजवळ लावता येत असला, तरी त्याचा पाया अपघाताच्या ठिकाणीच घातला जातो, आणि नेमकी हीच गोष्ट घाईने परतणाऱ्या यात्रेकरूच्या हातून निसटते. जखमीला काशी हिंदू विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये नेले असो किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात, तिथल्या नोंदीत इजा वाहन अपघातातली आहे हे लिहिले जाणे आणि त्या नोंदीची मेडिको-लीगल प्रकरण म्हणून पोलिसांना खबर जाणे, या दोन गोष्टींवर पुढचे सारे अवलंबून असते. 'पडल्यामुळे इजा' एवढेच जर पहिल्या कागदावर लिहिले गेले, तर पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद पुन्हा पुन्हा दाखवतो. ठाण्यात द्यावयाच्या लेखी फिर्यादीत, जिला तिकडे तहरीर म्हणतात, वाहनाचा क्रमांक, दिवस, वेळ आणि जागा यांचा उल्लेख असावा. वाराणसीत फिर्याद देणे अशक्यच झाले, तर हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्याला स्पष्ट आधार दिला आहे. तरीही उशिरा आणि दुरून दिलेली फिर्याद संशयाला जागा देते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय तिकडचे सर्व कागद हिंदीत असतात; महाराष्ट्रात दावा चालवताना त्यांचे भाषांतर जोडावे लागू शकते, तेव्हा साक्षांकित प्रती निघण्यापूर्वी घेतलेल्या बऱ्या.

पोलिसांवरही आता मुदतीचे बंधन आहे. २०२२ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो, त्यानंतर विमा कंपनीने ३० दिवसांत आपला देकार, म्हणजे किती रक्कम द्यायला ती तयार आहे हे, मांडायचे असते. या नियमांची अंमलबजावणी देशभर व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर महंमद प्रकरणात तपशीलवार निर्देश दिले. ते प्रकरणही उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाविरुद्धचेच होते. त्यातला एक निर्देश बाहेरगावच्या दावेदाराला विशेष उपयोगी आहे: पोलिसांच्या अहवालावरून अपघातस्थळी नोंदवलेले प्रकरण, दावेदाराने अन्यत्र दावा लावल्यास, त्या दुसऱ्या न्यायाधिकरणाकडे पाठवले जावे. अहवाल वेळेवर येतात असे छातीठोकपणे म्हणण्याजोगी स्थिती अद्याप नाही, पण त्यांची मागणी करण्याचा आधार आता उपलब्ध आहे.

उपचाराच्या खर्चाची पहिली निकड भागवण्यासाठी मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली असून तिच्यानुसार नियुक्त रुग्णालयात अपघातापासून जास्तीत जास्त सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार जखमीला मिळू शकतो. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ता लागला नाही, तर दावा लावायला प्रतिवादीच उरत नाही; अशा वेळी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेखाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात आणि त्यासाठी अपघात जिथे झाला तिथल्या महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. या कामाला वकील लागत नाही. रक्कम तुटपुंजी आहे हे खरे, पण आधीच्या पंचवीस हजार व साडेबारा हजारांच्या मानाने ती बरी.

आता मुख्य प्रश्न, रक्कम कशी ठरते. जखमीच्या भरपाईचे दोन भाग पडतात. एका भागात प्रत्यक्ष खर्च येतो, म्हणजे औषधोपचार, प्रवास, शुश्रूषेला ठेवलेला माणूस, बुडालेली मजुरी. हा भाग पावत्यांवर चालतो. दुसऱ्या भागात वेदना, आयुष्यातला गमावलेला आनंद आणि कायमच्या अपंगत्वामुळे पुढे घटणारी मिळकत येते. मोठी रक्कम या शेवटच्या बाबीत असते आणि वादही तिथेच होतो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शरीराचे अपंगत्व किती टक्के आणि कमावण्याची क्षमता किती टक्क्यांनी गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत: डावा हात गमावलेला कारकून कदाचित आपल्या नोकरीत कायम राहील, परंतु तोच हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची उपजीविकाच संपते.

हा फरक किती मोठा आहे हे एका काल्पनिक उदाहरणाने दिसेल. महिना १८,००० रुपये मिळवणारा ३४ वर्षांचा सुतार घेतला, तर त्याचे वार्षिक उत्पन्न २,१६,००० रुपये होते. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात पुढे होऊ शकणाऱ्या वाढीपोटी चाळीस टक्के धरावेत, असे प्रणय सेठी प्रकरणात (२०१७) ठरले आहे. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला असला, तरी जखमींनाही ही वाढ मिळते हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे रक्कम ३,०२,४०० होते. तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने, म्हणजे उरलेल्या कमावत्या वर्षांचे आजच्या पैशात रूपांतर करणाऱ्या आकड्याने, गुणायचे असते. सरला वर्मा प्रकरणातल्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६ आहे, म्हणून गुणाकार ४८,३८,४०० येतो. क्षमता चाळीस टक्के गेली असे धरले, तर सुताराच्या वाट्याला १९,३५,३६० रुपये येतात, वीस टक्के धरली तर ९,६७,६८० आणि पूर्ण गेली असे सिद्ध झाले तर संपूर्ण ४८ लाख. माणूस तोच, हात तोच, वैद्यकीय प्रमाणपत्रही तेच. बदलते ती एक टक्केवारी, आणि ती डॉक्टरांची साक्ष कशी घेतली जाते आणि कामाचे स्वरूप कसे सिद्ध केले जाते यावर ठरते. ज्या २०२० च्या निकालाचा वर उल्लेख आला, त्यात टंकलेखन करणाऱ्या तरुणाचे प्रमाणपत्रावरचे अपंगत्व ८९ टक्के होते, उच्च न्यायालयाने कमावण्याच्या क्षमतेतली घट ४५ टक्के धरली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती ६५ वर नेली. वकिलाची गरज कधी, या प्रश्नाचे खरे उत्तर या आकड्यांत आहे.

याच गणिताची दुसरी बाजू काशीच्या यात्रेकरूंच्या संदर्भात सांगितलीच पाहिजे. यात्रेला येणाऱ्यांत मोठा भरणा वयस्कांचा असतो आणि गुणक वयाबरोबर झपाट्याने उतरतो: ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७, त्यापुढे अवघा ५. प्रणय सेठीच्या सूत्रात साठीनंतर भावी वाढ धरलीच जात नाही. म्हणजे उपजीविकेची हानी हाच कायद्याचा मुख्य मापदंड असल्याने, आयुष्यभर राबून उतारवयात काशीला निघालेल्या बाईचा मोडलेला खुबा कायद्याच्या तराजूत हलका भरतो. गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे आणि तिचे काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने किर्ती प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये ठामपणे सांगितले असले, तरी वयाचा गुणक त्यामुळे बदललेला नाही. इथे उत्तर प्रदेशचा एक नियम मात्र उपयोगी पडू शकतो. त्या राज्याच्या मोटार वाहन नियमांतल्या नियम २२०-अ मध्ये पन्नाशीच्या पुढच्यांसाठी भावी वाढीचे वीस टक्के सांगितले आहेत, आणि हा नियम दावेदाराला अधिक लाभदायक असल्याने तो लागू करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऊर्मिला शुक्ला प्रकरणात ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवले. अपघात वाराणसीतला, दावा महाराष्ट्रातला, मग नियम कोणाचा? घराजवळ दावा लावण्याची सोय पाहताना हा प्रश्न वकिलाला आधी विचारण्यासारखा आहे. त्याच्या उलट, मेडिक्लेम विम्यातून मिळालेला रुग्णालयाचा खर्च भरपाईतून वजा करता येत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निकाल महाराष्ट्रात दावा लावणाऱ्याच्या बाजूने आहे.

किरकोळ इजा, चार दिवसांचे उपचार, हाती असलेल्या पावत्या आणि वाहनाचा चालू विमा, एवढेच प्रकरण असेल तर वकिलावाचून अडत नाही. विमा कंपनीचा देकार न्यायाधिकरणापुढे स्वीकारून विषय मिटवता येतो किंवा लोकअदालतीत तडजोड करता येते. लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील होत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम पुरेशी आहे का, हे मात्र पारखून घ्यावे लागते. कलम १६४ खालची ठरावीक भरपाई, म्हणजे कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, हीदेखील तशी सोपी वाट आहे. पण ती स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. वर उल्लेखिलेल्या सुताराने निकडीपोटी अडीच लाखांवर सही केली, तर त्याने किती गमावले हे वेगळे सांगायला नको.

कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू असेल तेव्हा, तसेच चूक जखमीचीही होती, असा सहभागी हलगर्जीपणाचा आरोप होत असेल तेव्हा वकील हवाच. विमा कंपनी जबाबदारीच झटकत असेल तेव्हा तर त्याच्याशिवाय चालत नाही. हा शेवटचा प्रसंग काशीच्या वाटेवर सहज येऊ शकतो. चालकाकडे परवाना नसला, तरी अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगते. मालवाहू टेम्पोत बसून आलेल्या प्रवाशांना मात्र हे संरक्षण सहसा मिळत नाही, कारण असे प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाहीत, हे आशा राणी प्रकरणात २००२ च्या अखेरीस ठरलेले आहे. ई-रिक्षा २०१५ च्या दुरुस्तीने रीतसर मोटार वाहन कायद्यात आली. पण तिचा विमा संपलेला असेल, तर मालकाच्या खिशातून वसुली करण्याची पाळी येते आणि ती दीर्घकाळ चालते. स्वतःची गाडी घेऊन गेलेल्या कुटुंबाची गाडी मालकाच्याच हातून दुभाजकावर आदळली, तर मालक-चालक हा 'तिसरा पक्ष' ठरत नाही आणि त्याला पंधरा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक अपघात विम्यावर अवलंबून राहावे लागते. त्याच गाडीतल्या इतरांना भरपाई मिळेल की नाही, हे पॉलिसी सर्वसमावेशक होती की केवळ सक्तीची, यावर ठरते.

वकील कोणता नसावा, हे सांगणे त्यामानाने सोपे आहे. वकिलाने स्वतः होऊन काम मागत फिरणे बार कौन्सिलच्या नियमांना मंजूर नाही, म्हणून रुग्णालयाच्या दारात किंवा ठाण्याच्या ओट्यावर जो माणूस कोरे वकीलपत्र पुढे करतो, तो दलाल असतो किंवा दलालाचा वकील. उत्तर प्रदेशात या धंद्याने फार मोठे रूप घेतले होते. बनावट अपघात दाव्यांच्या तपासासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमायला लावले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये तिथून ताशेरे बसल्यावर राज्याच्या बार कौन्सिलने २८ वकिलांना निलंबित केले. अशा प्रकरणांनी खऱ्या जखमीचे दुहेरी नुकसान होते, कारण त्यानंतर प्रत्येक दाव्याकडे आणि उशिरा आलेल्या प्रत्येक फिर्यादीकडे संशयाने पाहिले जाते.

फीच्या बाबतीतही भारतीय कायदा स्पष्ट आहे. मिळणाऱ्या भरपाईचा हिस्सा घेण्याच्या बोलीवर काम करणे अमेरिकेत रूढ आहे. भारतात वकिलाला तशी बोली करता येत नाही. अपघातात पती गमावलेल्या एका स्त्रीकडून तिच्या वकिलाने भरपाईच्या टक्केवारीनुसार फी मागितली आणि धनादेश वटला नाही म्हणून खटला भरला, तेव्हा बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या निकालात डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवून तो खटलाच रद्द केला. व्यवहारात टक्केवारीची बोली चालते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि गरिबाला आगाऊ फी परवडत नसल्याने ती त्याला सोयीचीही वाटते. तथापि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आहे. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि मोठ्या दुर्घटनेचे बळी यांना उत्पन्न न पाहता, तर इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत, विनामूल्य वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. भरपाईची रक्कम दावेदाराच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत बसवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निर्देश दिले आहेत. तेव्हा पैसे आपल्या खात्यातून काढून देतो असे म्हणणाऱ्याला खाते क्रमांक विचारण्याची गरजच उरू नये.

मुदतीचा प्रश्न सध्या काहीसा अधांतरी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदतच काढून टाकली होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा सहा महिन्यांची केली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असे न्यायाधिकरणांना सांगितले. अंतरिम आदेश कायमचा नसतो. सहा महिने हीच मुदत धरून चालणे शहाणपणाचे. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस असतात.

महानगरी एक्सप्रेससारख्या गाडीने येताना प्रवासी डब्यातून पडला, तर मोटार वाहन कायदा लागू होत नाही. रेल्वे कायदा, १९८९ याचे कलम १२४-अ लागू होते आणि दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, एक वर्षाच्या आत करावा लागतो. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी आठ लाख रुपये ठरलेले आहेत आणि इजेसाठी तिच्या स्वरूपानुसार तक्ता आहे. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. जखमीजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे म्हणता येत नाही, आणि चढता-उतरताना झालेला अपघात म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, हे रीना देवी प्रकरणात (२०१८) स्पष्ट झाले आहे.

सर्वांत दुबळी बाजू गंगेवरच्या नावेची आहे. पंचगंगा घाटावरून किंवा भोसले घाटावरून निघालेली होडी उलटली, तर तिच्यासाठी न्यायाधिकरण नाही, गुणकाचा तयार तक्ता हक्काने लागू होत नाही आणि वल्ह्याच्या होडीच्या मागे बहुधा विमा कंपनीही नसते. दिवाणी दावा लावायचा म्हटले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार तो इजा जिथे झाली तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथेच लावावा लागतो, म्हणजे नाशिकच्या यात्रेकरूला खरोखरच वाराणसीच्या कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात. उरते ती ग्राहक आयोगाची वाट: भाडे देऊन घेतलेली सेवा सदोष होती, असे म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ही तक्रार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही चालते. अडचण एवढीच, की भाडे दिले हे सिद्ध करावे लागते आणि घाटावरचा नावाडी पावती देत नाही. मोबाइलवरून पैसे दिले असतील, तर त्या व्यवहाराची नोंद आणि नावेच्या क्रमांकाचे छायाचित्र, एवढाच काय तो पुरावा हाती राहतो.